पंखा दमानं वाढू द्या : कॅबिनेटचे पंखे आणि दिवे सॉफ्टवेअरवरून कसे लावावेत

मी घरी बसून मराठी ऑडिओबुकं वाचते. कर्वेनगरमधल्या आमच्या फ्लॅटची मागची खोली हाच माझा स्टुडिओ. माईक, भिंतीला लावलेल्या जुन्या गोधड्या आणि टेबलाखाली कॉम्प्युटर, सगळं एकाच खोलीत. त्यामुळे कॅबिनेटच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीच्या, पंख्यांशी माझी रोजची गाठ आहे. पंख्याचा एकसारखा मंद आवाज रेकॉर्डिंगमधून नंतर काढता येतो, कारण नॉइज रिडक्शनला असा न बदलणारा नमुनाच लागतो. वाक्याच्या मध्येच चढणारा आणि पूर्णविरामाला उतरणारा आवाज मात्र काढता काढता नाकी नऊ येतात. म्हणून पंख्याचा वेग किती कमी आहे यापेक्षा तो किती सावकाश बदलतो याकडे मी जास्त लक्ष देते. तुम्ही रेकॉर्डिंग करत नसाल, नुसतं कोडिंग किंवा गेमिंग करत असाल, तरी कान चढउतारानंच वैतागतात. खालची सगळी पद्धत त्या हिशेबानं लिहिली आहे.

आधी काच काढा आणि वायरी बघा

सॉफ्टवेअर डाउनलोड करण्याआधी कॉम्प्युटर बंद करून कॅबिनेटची बाजूची काच काढा आणि प्रत्येक पंख्याची वायर कुठे जाते ते बोटानं माग काढत बघा. सॉफ्टवेअर चालेल की नाही, हे इथेच ठरतं.

पंख्याचं टोक छोटं आणि चार पिनांचं असेल तर तो पीडब्ल्यूएम पंखा. त्याला १२ व्होल्ट कायम मिळतात आणि चौथ्या पिनेवरून २५ किलोहर्ट्झचा सिग्नल येतो. त्या सिग्नलमधला चालू वेळ किती टक्के, त्यावर वेग ठरतो. तीन पिनांचा असेल तर ती सिग्नलची पिन नाही, म्हणून मदरबोर्ड व्होल्टेजच कमीजास्त करून वेग बदलतो. दोन्ही प्रकारांत तिसरी पिन पंख्याचा वेग मदरबोर्डला कळवते. हे दोन्ही सॉफ्टवेअरला चालतात. अडचण येते ती मोठ्या पांढऱ्या मोलेक्स कनेक्टरच्या पंख्यांची. स्वस्तातल्या कॅबिनेटबरोबर येणारे रंगीत पंखे बरेचदा असेच असतात. ते थेट पॉवर सप्लायला जोडलेले असतात, त्यांचा वेगही बदलता येत नाही आणि रंगही. काही कॅबिनेटमध्ये सगळे पंखे एका छोट्या हबला जोडलेले असतात आणि त्याला रिमोट असतो. त्या हबमधून मदरबोर्डकडे एक वायर जात नसेल तर कुठलंही सॉफ्टवेअर त्या पंख्यांपर्यंत पोहोचणार नाही. बुधवार पेठेत तपकीर गल्लीकडे चक्कर मारून पंखे आणणार असाल तर डब्यावरचं ‘आरजीबी’ (म्हणजे रंगीत दिवे) वाचून समाधान मानू नका. वायरीचं टोक बघायला मागा. मोलेक्स नाही, छोट्या टोकाला चार पिना दिसल्या की घ्या.

मदरबोर्डवर वायर जिथे खोचायची त्या पिनांच्या जागेला हेडर म्हणतात. पंख्याच्या एका हेडरला साधारण १ अँपिअर झेपतो. १२० मिलिमीटरचा साधा पंखा ०.१ ते ०.३ अँपिअर घेतो, म्हणजे स्प्लिटर लावून एका हेडरवर तीन पंखे बिनधास्त चालतात. नक्की आकडा पंख्याच्या मागच्या स्टिकरवर छापलेला असतो. स्प्लिटरवरच्या तिघांपैकी एकाचाच वेग स्क्रीनवर दिसतो, बाकीचे दोघे त्याच सिग्नलवर चालतात. म्हणून एका स्प्लिटरवर एकाच जातीचे पंखे ठेवावेत.

दिव्यांची वायर वेगळी असते आणि तिथे फार जपावं लागतं. साध्या आरजीबीचं हेडर चार पिनांचं आणि १२ व्होल्टचं. एआरजीबीचं, म्हणजे ज्यात प्रत्येक दिव्याला वेगळा रंग देता येतो त्याचं, तीन पिनांचं, मधली एक जागा रिकामी, आणि ते ५ व्होल्टचं. ५ व्होल्टची दिव्यांची पट्टी १२ व्होल्टवर गेली तर दिवे जळतात आणि परत येत नाहीत. मदरबोर्डवर हेडरच्या शेजारी व्होल्टेज बारीक अक्षरात छापलेलं असतं. मोबाईलच्या टॉर्चखाली ते वाचा आणि मगच कनेक्टर दाबा.

बायोसमध्ये एक सुरक्षित पाया

सॉफ्टवेअर चालू होतं विंडोजमध्ये लॉग-इन झाल्यावर. त्याआधी आणि ते बंद पडल्यावर पंखे कोणी सांभाळायचे? बायोसनं, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डावरच्याच प्रोग्रॅमनं. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट दाबून आत जा. आसुसच्या बोर्डावर ‘क्यू-फॅन’, गिगाबाइटवर ‘स्मार्ट फॅन’, एमएसआयवर ‘हार्डवेअर मॉनिटर’ असा विभाग सापडेल. तिथे प्रत्येक हेडरला पीडब्ल्यूएम (चार पिनांचा पंखा) की डीसी (तीन पिनांचा, व्होल्टेजवर चालणारा) हे स्वतः निवडा, ‘ऑटो’वर सोडू नका. चार पिनांचा पंखा डीसीवर पडला तर कमी वेगाला तो अडखळतो. तीन पिनांचा पीडब्ल्यूएमवर पडला तर कायम पूर्ण वेगानं पळतो. ‘सॉफ्टवेअर काम करत नाही’ ही तक्रार बऱ्याचदा इथेच मिटते.

प्रोसेसरच्या कूलरचा पंखा मी पूर्णपणे बायोसवरच ठेवते आणि तुम्हालाही तेच सांगेन. सॉफ्टवेअरच्या ताब्यात द्यायचे ते फक्त कॅबिनेटचे पंखे. प्रोग्रॅम अचानक कोसळला तर पंखा शेवटच्या आकड्यावर अडकून राहू शकतो. तो कॅबिनेटचा पंखा असेल तर थोडी गरमी वाढेल, तेवढंच. प्रोसेसरचा असेल तर मशीन स्वतःचा वेग कमी करून रांगायला लागेल.

फॅन कंट्रोल

विंडोजवर माझ्या कामाचं निघालं ते ‘फॅन कंट्रोल’ नावाचं सॉफ्टवेअर. वैयक्तिक वापराला फुकट, कुठल्याही एका कंपनीच्या बोर्डाला बांधलेलं नाही, आणि त्यात जाहिराती, खातं, लॉग-इन असलं काही नाही. बोर्डाच्या कंपन्यांची स्वतःची सॉफ्टवेअरं असतात, आर्मरी क्रेट, एमएसआय सेंटर, गिगाबाइट कंट्रोल सेंटर. त्यांनीही काम होतं. फक्त एक काहीतरी ठरवा. दोन प्रोग्रॅम एकाच हेडरला वेगवेगळे आकडे सांगायला लागले की पंखा दर दोन सेकंदांनी वरखाली होतो, आणि बघणाऱ्याला वाटतं पंखाच बिघडलाय.

एक गोष्ट डाउनलोड करतानाच लक्षात ठेवा. असली बरीच सॉफ्टवेअरं हार्डवेअरपर्यंत पोहोचायला ‘विनरिंगझिरो’ नावाचा ड्रायव्हर वापरत होती. त्यात सुरक्षेची भोकं आहेत, आणि २०२५ च्या मार्चपासून विंडोज डिफेंडर तो पकडायला लागला. फॅन कंट्रोलच्या नव्या आवृत्त्या ‘पॉनआयओ’ नावाच्या दुसऱ्या ड्रायव्हरवर गेल्या आहेत. त्यामुळे डिफेंडरनं इशारा दिला तर त्याला सूट देत बसू नका, नवी आवृत्ती घ्या, आणि ती मूळ ठिकाणावरूनच घ्या.

पहिल्यांदा उघडलं की ते ‘असिस्टेड सेटअप’ विचारतं. हो म्हणा. ते एकेका हेडरचा वेग बदलून बघतं आणि कुठल्या हेडरवर कुठला पंखा आहे याची जोडी लावतं. मग प्रत्येकाला मराठीत नाव द्या: ‘पुढचे तीन’, ‘मागचा एक’. ‘फॅन २’ म्हणजे कोण, हे दोन महिन्यांनी कोणाला आठवत नाही.

आता खोलीचा छतावरचा पंखा बंद करा, खिडकी लावा, आणि स्क्रीनवरची पुढच्या पंख्यांच्या वेगाची पट्टी एकेका टक्क्यानं खाली आणा. हे काम घाईत करू नका, सगळी गंमत यातच आहे. माझे पुढचे पंखे १८ टक्क्यांना थांबतात, पण थांबल्यावर पुन्हा फिरायला त्यांना २४ टक्के लागतात. प्रत्येक पंख्याचे हे दोन आकडे असतात आणि सॉफ्टवेअरमध्ये त्यांना ‘स्टॉप’ आणि ‘स्टार्ट’ अशा जागा दिलेल्या आहेत. ते तिथे भरा आणि किमान वेग दोघांच्या थोडा वर ठेवा. मी ३० टक्के ठेवला. माझ्या पंख्यांना तो साधारण ६०० आरपीएम पडतो.

मग तीच पट्टी वर नेत ऐका. कुठेतरी एका टप्प्यावर कॅबिनेट गुणगुणायला लागेल. माझ्याकडे ४६ ते ५६ टक्क्यांच्या दरम्यान पुढची जाळी थरथरते आणि रिकाम्या पातेल्याच्या कडेवरून बोट फिरवल्यासारखा सूर लागतो. ५७ च्या वर गेलं की आवाज मोठा होतो पण तो सूर जातो. जाळीच्या कडेला फोमची पट्टी लावल्यावर तो बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. हा पट्टा कागदावर लिहून ठेवा, कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला किती वेग हे सांगणारी रेघ, काढताना तो टाळायचा आहे.

कर्व्ह

प्रोसेसरचं तापमान फार चंचल असतं. ब्राउझर उघडला की ते ४२ वरून ६५ वर उडी मारतं आणि दोन सेकंदांत परत ४५ वर येतं. धातूच्या आतल्या इवल्याशा चिपची ती उडी आहे. कॅबिनेटमधल्या हवेला त्याचा पत्ताही नसतो. कॅबिनेटचे पंखे त्या उडीच्या मागे धावले तर फायदा शून्य आणि गोंगाट भरपूर.

त्यावर उपाय असा. फॅन कंट्रोलमध्ये ‘कस्टम सेन्सर’ घ्या, त्यात ‘टाइम अॅव्हरेज’ निवडा, प्रोसेसरचं तापमान जोडा आणि ३० सेकंदांची सरासरी मागा. आता आकडा शांतपणे सरकायला लागेल. ग्राफिक्स कार्डाचं तापमान मुळातच संथ असतं, त्याला सरासरीची गरज नाही. कॅबिनेटच्या पंख्यांसाठी या दोन्हींचा ‘मिक्स’ करा आणि त्यात ‘मॅक्स’ निवडा, म्हणजे दोघांपैकी जो जास्त तापलेला त्याचं ऐकलं जाईल.

त्या मिक्सवर ‘ग्राफ’ प्रकारचा कर्व्ह काढा. माझा असा आहे: ५० अंशांपर्यंत ३० टक्के, सपाट. ५० ते ६५ मध्ये हळूहळू ४५ टक्के. ६५ ते ६६ या एका अंशात थेट ५८ टक्के, म्हणजे तो गुणगुणणारा पट्टा ओलांडून पलीकडे. तिथून ८० अंशांना ९० टक्के. माझं प्रोसेसर ६५ वॉटचं आहे आणि कूलर साधा एका टॉवरचा. तुमचं मोठं असेल तर आकडे बदलतील, आकार मात्र हाच ठेवा: खाली लांब सपाट भाग आणि त्रासाच्या जागी एक उंच पायरी.

त्याच कर्व्हमध्ये ‘हिस्टेरेसिस’ म्हणून एक जागा आहे. तिथे ४ अंश लिहा. तापमान इतकं सरकल्याशिवाय पंखा जागचा हलणार नाही, आणि ६५-६६ च्या उंबऱ्यावर आत-बाहेर करत बसणार नाही. ‘रिस्पॉन्स टाइम’ ५ सेकंद. पंख्याच्या कार्डावर ‘स्टेप अप’ आणि ‘स्टेप डाउन’ असतात, म्हणजे सेकंदाला किती टक्के चढायचं आणि किती उतरायचं. मी ४ आणि २ ठेवलेत. चढताना गुणगुणीचा पट्टा तीनेक सेकंदांत मागे पडतो, उतरताना थोडा जास्त वेळ लागतो, पण एकंदर बदल इतका दमानं होतो की कानाला कळत नाही.

मागचा पंखा याच कर्व्हवर, पण पुढच्यांपेक्षा पाच टक्के कमी. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त राहिली की ती कॅबिनेटच्या फटींमधून बाहेर पडते, आणि फटींमधून धूळ आत येत नाही. येणारी सगळी हवा पुढच्या फिल्टरमधूनच येते. आमच्याकडे चारी बाजूंना बांधकामं चालू असतात, खिडकीच्या कट्ट्यावर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ रोज बसते. तिथे या पाच टक्क्यांचं मोल फार आहे.

आता पुण्याच्या उन्हाळ्याबद्दल. बहुतेक कर्व्ह थंड खोली धरून काढलेले असतात. इथे डिसेंबर-जानेवारीत माझी खोली २० अंशांवर असते आणि एप्रिलच्या दुपारी, पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येत असताना, ३६ वर. आत येणारी हवा जितकी तापते तितकंच साधारण आतलं सगळं वर सरकतं. म्हणजे हिवाळ्यात काढलेला सुंदर कर्व्ह एप्रिलमध्ये रिकाम्या बसलेल्या मशीनवरही पंखे ओरडायला लावतो. म्हणून मी दोन कॉन्फिगरेशन सेव्ह केली आहेत. उन्हाळ्याच्या फाइलमध्ये सगळे टप्पे आठ अंशांनी उजवीकडे सरकवलेत. प्रोसेसर ७४ अंशांवर चालला तर त्याला काही होत नाही, त्याची स्वतःची मर्यादा ९० च्या पलीकडे असते. माणसाच्या तापाचा आकडा डोक्यात ठेवून मशीनची काळजी करू नये.

तिसरी फाइल रेकॉर्डिंगची. त्यात कर्व्हच नाही, ‘फ्लॅट’ ३० टक्के. वाचताना कॉम्प्युटरला काम असं नसतंच, ते चालतं. एडिटिंग आणि एक्स्पोर्ट सुरू करण्याआधी नेहमीच्या फाइलवर परत यायचं. हे विसरायचं नसेल तर फ्लॅटऐवजी ‘ट्रिगर’ कर्व्ह घ्या: ७५ अंशांपर्यंत ३० टक्के, त्यावर गेलं तर ७०, आणि परत ६० ला उतरल्याशिवाय खाली येणार नाही.

परिणाम कानावर सोडू नका, मोजा. ऑडासिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा आणि आरएमएस, म्हणजे आवाजाची सरासरी पातळी, बघा. ऑडिओबुकं स्वीकारणाऱ्या एसीएक्सची अट उणे ६० डेसिबलच्या खाली पार्श्वभूमीचा आवाज अशी आहे, आणि ती चांगली कसोटी आहे. ३० टक्क्यांवर माझी खोली उणे ६६ देते, ६० टक्क्यांवर उणे ५७. पंख्याचा वेग निम्मा केला की त्याचा आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो, हा पंख्यांचा जुना नियम आहे. खोलीत बाकीचे आवाज असतात म्हणून माईकवर तेवढा फरक दिसत नाही.

दिवे

रंगांसाठी मी ‘ओपनआरजीबी’ वापरते. मुक्त स्रोताचं आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं, आणि बोर्ड एका कंपनीचा, रॅम दुसरीची, पंखे तिसरीचे असले तरी सगळे एका खिडकीत दिसतात. सुरू करण्याआधी बोर्डाच्या कंपनीचं दिव्यांचं सॉफ्टवेअर बंद करा, पार्श्वभूमीत चालणारी त्याची सेवाही. विंडोज ११ मध्ये २०२३ पासून ‘डायनॅमिक लायटिंग’ आलंय. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशनखाली ते मिळेल. कीबोर्ड-माऊसचे रंग दोन ठिकाणांहून भांडायला लागले तर ते तिथून बंद करा.

ओपनआरजीबीमध्ये अनेकजण पहिल्याच पायरीला अडतात. बोर्डाचं नाव दिसतं, रंग निवडला जातो, पंखे मात्र अंधारात. कारण एआरजीबी हेडरला पुढे किती दिवे आहेत हे कळायचा मार्गच नाही. त्या हेडरचा ‘झोन’ निवडून ‘रिसाइझ’ दाबा आणि संख्या तुम्ही सांगा. ती माहीत नसेल तर ४० लिहा, सगळे काळे करा आणि यादीतला एकेक दिवा पांढरा करत जा. ज्या क्रमांकानंतर पंख्यावर काहीच उजळत नाही, तो शेवट. मग खरी संख्या भरा. एक दिवा पूर्ण पांढऱ्यावर साधारण ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो, तेव्हा एका हेडरवर माळच्या माळ जोडणार असाल तर बोर्डाच्या पुस्तिकेतली मर्यादा बघून घ्या.

मोड निवडताना ‘डायरेक्ट’ म्हणजे सॉफ्टवेअर प्रत्येक क्षणी रंग पाठवत राहतं. ‘स्टॅटिक’ म्हणजे एकदा सांगितलं, पुढे बोर्डाची चिप तो रंग धरून ठेवते. रंग बदलत ठेवायचे नसतील तर स्टॅटिकच घ्या.

माझ्याकडे दिव्यांना एक काम आहे. कॅबिनेटची काच दाराकडे तोंड करून ठेवलीय. ‘रेकॉर्डिंग’ नावाच्या प्रोफाइलमध्ये सगळे पंखे लाल, २५५ पैकी फक्त ९० वर, म्हणजे मॉनिटरवर झळाळी येत नाही. दाराच्या वरच्या काचेतून तो लाल उजेड पॅसेजमध्ये दिसतो. सासूबाई तो बघूनच चहाचा कप बाहेरच्या स्टुलावर झाकून ठेवतात, आणि शाळेतून आलेला मुलगा दप्तर न आपटता जातो. काम संपलं की प्रोफाइल बदलून हिरवा. घड्याळाजवळच्या छोट्या चिन्हावर राइट क्लिक केलं की प्रोफाइलची यादी मिळते, खिडकी उघडायचीही गरज नाही. तिथेच सगळे दिवे एकदम बंद करायचीही सोय आहे.

रंग तापमानाशी जोडायचा असेल तर ‘हार्डवेअर सिंक’ नावाचं प्लगइन आहे. ग्राफिक्स कार्ड ६० खाली असेपर्यंत निळा, ८० ला लाल, असं लावता येतं. प्लगइनची आवृत्ती ओपनआरजीबीच्या आवृत्तीशी जुळणारीच घ्या, नाहीतर ते लोड होत नाही.

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात: एलएम-सेन्सर्स बसवा, सेन्सर्स-डिटेक्ट चालवा, आणि मग ‘कूलरकंट्रोल’ नावाचं ग्राफिकल साधन घ्या. बहुतेक बोर्डांवर पंखे सांभाळणारी नुवोटॉन किंवा आयटीई कंपनीची चिप असते, तिचा ड्रायव्हर लोड झाला की पंखे दिसतात. तिथे वेग टक्क्यांऐवजी ० ते २५५ मध्ये भेटला तर ३० टक्के म्हणजे ७७ धरा.

लावून झाल्यावर

दोन्ही प्रोग्रॅम लॉग-इनबरोबर आपोआप आणि मिनिमाइझ होऊन सुरू होतील असं सेटिंग करा. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली आणि संध्याकाळी आली, की कोणी मुद्दाम उघडेपर्यंत कर्व्ह वाट बघत बसू नये. पहिल्या आठवड्यात एकदा मशीनला अर्धा तास पूर्ण राबवा आणि तापमान एका आकड्यावर येऊन थांबतं का ते बघा. चढतच राहिलं तर वरच्या टोकाचे टक्के वाढवा, खालचा सपाट भाग तसाच ठेवा.

पुढचा फिल्टर दर महिन्याला काढून नळाखाली धुवा आणि पूर्ण वाळवून लावा. फिल्टर तुंबला की त्याच कर्व्हवर तापमान पाच-सहा अंश वर दिसायला लागतं. कर्व्ह बदलण्याआधी फिल्टर बघा. पंख्याची धूळ ब्लोअरनं उडवताना पाती बोटानं धरून ठेवा, कारण हवेनं वेगात फिरलेला पंखा उलटी वीज तयार करतो आणि ती हेडरकडे जाऊ शकते.

बायोस अपडेट केलं की बरेचदा पंख्यांची सगळी सेटिंग पुसली जातात, पीडब्ल्यूएम-डीसीची निवडसुद्धा. अपडेटच्या आधी त्या स्क्रीनचे मोबाईलवर फोटो काढा, आणि फॅन कंट्रोलच्या कॉन्फिगरेशन फायली आणि ओपनआरजीबीची प्रोफाइलं पेन ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा.